जवळ्याचे टोस्ट

"पटकन होणारं आणि जरा दिसायला बरं" हे शब्द कानावर पडले की माझं डोकं अजूनही फिरतं. त्या रविवारी नवऱ्याचे साहेब बायकोला घेऊन आमच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटवर चहाला येणार होते आणि मला हे कळलं दुपारी तीन वाजता. "टोस्टचं काहीतरी कर ना. छोटे छोटे. एलिगंट." बोलायला काय जातंय!

नेमकी त्याच दिवशी माझी आई विचुंब्याहून आली होती, सुक्या जवळ्याच्या चटणीचा डबा घेऊन. ही बारीक सुकी कोळंबी ती स्वतः निवडते, तव्यावर भाजते आणि लसूण-मिरची घालून पाट्यावर वाटते. मी ब्रेडवर वाटी दाबून गोल चकत्या काढायला लागले. उरलेल्या कडा आई ताटलीत गोळा करत होती. "ह्या टाकू नको गो, मी खाईन," म्हणाली. तव्यावर तूप सोडून चकत्या कुरकुरीत केल्या, वर थोडा चक्का, त्यावर चिमूटभर चटणी आणि कोथिंबिरीचं एकच पान. वीस मिनिटांत ताट तयार.

तेवढ्यात नवरा आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईंना आतच बसू दे. बाहेर उगाच अवघडतील."

अवघडतील म्हणे! भर बाजारात भाजीचे वाटे लावून बसलेली बाई ती, दोन माणसांपुढे अवघडणार? तिचं बोलणं आणि तिचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं त्याला साहेबांसमोर नको होतं, एवढंच. हे त्याच्या तोंडावर सुनवायला मी वळले. पण बेल वाजली आणि मी ताट घेऊन बाहेर गेले.

साहेबांच्या बायकोने पहिला टोस्ट खाल्ला, लगेच दुसरा उचलला. "काय अप्रतिम आहे हो हे वरचं! कुठे शिकलात?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. आणि पाच मिनिटांपूर्वी त्याचा गळा धरायला निघालेली मी हसून म्हणाले, "काही नाही हो, मोबाइलवर बघून केलं."

नवऱ्यावरचा राग मी पुढे महिनाभर त्याच्यावर काढला. माझा माझ्यावरचा राग कुणावर काढू?

पाहुणे तासभर बसले. आमच्या घराला दार एकच, तेही हॉलमधून. त्यामुळे आई आत स्टुलावर बसून राहिली. ते गेल्याबरोबर मी आत धावले. ब्रेडच्या कडा ताटलीत तशाच होत्या. उरलेली चटणी तिने वाटीत काढून झाकून ठेवली होती आणि डबा घासूनपुसून पिशवीत भरला होता. आईचा डबा मी कधीच रिकामा पाठवत नाही, निदान मूठभर साखर तरी घालते. मी साखरेची बरणी उघडली आणि डब्यासाठी हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता चटनी बी त्या मोबाईलकडंच माग. आमी नाय आननार."

हॉलमधून जाताना जावयाला "येते हं" म्हणाली. माझी मूठ साखरेने भरलेली होती आणि ती रिकामा डबा घेऊन जिना उतरत होती.