भुश्शातलं दही आणि तापलेल्या पिशव्या

तुम्ही कधी भुश्शाच्या ढिगात दही लावलंय का? आम्ही लावलंय! विश्रांतवाडीतल्या आम्ही चौघी माझ्या घरच्या गॅरेजमध्ये, भुश्शाने भरलेल्या पिशव्यांत अळिंबी, म्हणजे मशरूम पिकवायचो. आजही जमलो की एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीचा सुरू होतो, आणि प्रत्येकात कांबळेबाई असतातच. विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, आमच्या गटप्रमुख.

त्या डिसेंबरात दही लागेना. बाईंनी वापरून टाकलेल्या भुश्शाच्या ढिगात हात घातला. "कुजतोय, म्हणजे आतून तापतोय. आणा पातेलं!"

घट्ट झाकून पुरलं. सुरीने कापावं असं दही! शेजारच्या वहिनींनी दोनदा मागून खाल्लं आणि मग विचारलं, "विरजण कुणाचं हो?"

"विरजण तुमचंच," बाई म्हणाल्या. "अंथरूण आमचं."

*

उन्हाळ्यात मात्र पिशव्या तापून दोन वेळा पीक गेलं. माझा मुलगा निखिल आयटीत. त्याने नवी गाडी बुक केली होती. "आई, आता शेवटची संधी हं. या वेळी नाही आलं, तर गॅरेज माझं."

बाई रोज भुश्शाच्या प्रत्येक पिशवीला गाल लावून बघायच्या.

"बाई, पिशवीला ताप येतो?" निखिलने विचारलं.

"आत बुरशी वाढतेय. जिवंत आहे, ऊब सोडणारच. तू धावलास की तापत नाहीस?"

"मी धावत नाही, बाई."

"दिसतंय ते!"

*

"मग एसी लावा ना!" निखिल म्हणाला.

बाईंनी चारी बाजूंनी ओली पोती टांगली. "पाणी वाळताना खोलीतली उष्णता घेऊन जातं. बिल येत नाही."

तो हसला. पण त्या रविवारी दुपारी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून लॅपटॉप घेऊन कोण बसलं होतं?

"काय रे, घरात जागा नाही?" बाईंनी विचारलं.

"इथे... रेंज चांगली येते."

*

आणि तो गुरुवार! नळाला पाणी नाही, शुक्रवारी दुपारपर्यंत येणारही नव्हतं. ऊन रणरणत होतं. दुपारीच पोती कडक वाळली. आम्ही प्यायच्या पाण्यातलं निम्मं शिंपडलं, तेही उडून गेलं. बाईंनी पिशवीला गाल लावला आणि चटकन मागे घेतला. हेही पीक जाणार, आम्ही समजलो.

संध्याकाळी निखिल ऑफिसातून आला. दारात उभा राहून त्याने बाईंकडे पाहिलं, मग पोत्यांकडे. बूटही न काढता वर गेला आणि त्याच्या बाथरूममधलं भरलेलं पिंप बादलीबादलीने खाली आणलं. सगळी पोती त्यानेच भिजवली.

"अरे, तुझं गॅरेज!" मी म्हटलं.

"आई, बादली धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशव्यांवर पांढरे कोंब फुटले होते, आणि निखिल आंघोळ न करता ऑफिसला गेला.