धाकट्याच्या मानेचं माप

कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांकडे मी नाशकात वीस वर्षं मदतनीस होतो. कोणी घोरण्याची तक्रार घेऊन आलं, की आधी मापं मी काढायची. हनुवटी ते कंठमणी अंतर बोटांनी, मानेचा घेर शिंप्याच्या टेपने. मान जाड असली की झोपेत श्वासाची वाट बंद पडण्याची भीती जास्त. टेप कातडीला नुसती टेकवायची, आवळायची नाही. माझं माप डॉक्टर पुन्हा तपासत नसत.

दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी धाकटा भाऊ सायखेड्याहून आला. शेती त्याच्याकडे, आईही कायम त्याच्याकडे. "तो घोरला की घर भरल्यासारखं वाटतं," असं ती माझ्या तोंडावर म्हणायची. त्या वर्षी मात्र गुडघ्यांच्या उपचारासाठी ती पहिल्यांदाच माझ्याकडे, इंदिरानगरला राहत होती. सकाळचा चहा आम्ही दोघं सोबत घ्यायचो.

"दादा, बसल्या बसल्या डोळा लागतो राव. बायको म्हणे, झोपेत माझा श्वासच थांबतो," धाकटा म्हणाला. "आईला नको सांगू, लगेच पिशवी भरून माझ्याकडं येईल."

टेप त्रेचाळीस सेंटिमीटरवर होती. मी ती आवळली.

"अरे, फाशी देतो का काय!" तो हसला.

मी एकोणचाळीस लिहिलं. ते बघून डॉक्टरांनी झोपेची तपासणी पुढे ढकलली. वजन उतरवा, कुशीवर झोपा, सहा महिन्यांनी या.

तो आला तो कुबड्यांवर. निफाडच्या रस्त्यावर भरदुपारी मोटारसायकल चालवताना झोप लागली, मांडीचं हाड मोडलं. यावेळी डॉक्टरांनी टेप स्वतः लावली. त्रेचाळीस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत भाऊच म्हणाला, "पडून पडून लय सुटलो मी, डॉक्टर. दादानं मापलं तवा एवढी नव्हती मान."

मी गप्प राहिलो. आजवर राहिलो.

अपघात कळला त्याच दिवशी आई सायखेड्याला निघून गेली होती, ती पुन्हा माझ्याकडे राहायला आली नाही. पुढे तपासणी झाली, झोपताना नाकावर लावायचं यंत्र आलं, घोरणं थांबलं. लंगडणं राहिलं. मागे गेलो तेव्हा आई म्हणाली, "आता आवाजच येत नाय रे त्याचा. मीच उठून उठून बघते, बरा हाय ना."

हे आठवलं की आजही मला आधी हेवा वाटतो. लाज नंतर वाटते.