मांडवापुरता आवाज

मला वाचायला शिकवले ते पत्रकांनी. वडील छापखान्यात खिळे जुळवत. छपाईत बिघडलेले कागद ते घरी आणत आणि आई ते फडताळात अंथरी. भाकरीची टोपली काढताना हात 'उठा' आणि 'जागे व्हा' या शब्दांवरून जाई. त्यामुळे माणसे गप्प आहेत ती शब्द मिळाले नाहीत म्हणूनच, अशी माझी पक्की समजूत झाली होती. ती नंदुरबारच्या एका पथारीवर मोडली.

पथारी म्हणजे मिरची वाळवण्याचे मैदान. नजर जाईल तिथवर लाल. हंगामात नवापूरकडच्या डोंगरातून बाया येत, पसरलेली मिरची उलथवत, देठ खुडत, टोपल्या वाहत. त्यांची तान्ही पोरे मैदानाच्या कडेला बैलगाड्यांखाली झोळीत असत. वारा फिरला की मिरचीचा घशाला झोंबणारा खाट थेट झोळ्यांवर येई आणि सगळ्या झोळ्या एकदम खोकू लागत. शंभर पावलांवर पथारीच्या मालकाच्या, शेठजींच्या, नव्या गोदामाचा ओटा होता. लांबरुंद, सावलीचा, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, आणि रिकामा. पोरांना तिथे ठेवू द्या, एवढेच त्या बायांचे मागणे होते. शेठजी म्हणत, ओटा मळेल.

हे मागणे धरून बसलेली बाई एकच होती. माझ्याहून थोडी मोठी, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, घरी डोंगरातल्या कोकणा लोकांची बोली बोलणारी, बाजारात अहिराणी. ओटा उघडेपर्यंत कोणी टोपली उचलायची नाही, असे तिने ठरवले होते. पण ते सगळ्यांना सांगायचे कसे? प्रत्येक पाड्याच्या बायांवर वेगळा मुकादम. तो त्यांना दुसऱ्या टोळीजवळ बसू देत नसे, मुक्कामही वेगळे. आणि तिला ओरडता येत नव्हते. वर्षानुवर्षांच्या खाटाने तिचा गळा खरवडला होता. दहा हातांपलीकडे तिचा आवाज खोकल्यासारखा ऐकू येई.

त्या हिवाळ्यात स्वराज्य उंबरठ्यावर आले आहे असे सगळेच म्हणत होते. आम्ही वाचनालयातल्या पोरांनी सभा ठरवली. मांडव शेठजींचा, पथारीवरच, अध्यक्षही तेच. आमच्या पत्रकात 'श्रमिक' हा शब्द असल्यामुळे एक श्रमिक वक्ता लागतच होता. मी तिचे नाव सुचवले आणि कोणी हरकत घेतली नाही. सगळ्या टोळ्या एका जागी बसतील अशी तेवढी एकच वेळ होती.

लाउडस्पीकर स्टेशनजवळच्या दुकानातून यायचा होता. तो दुकानदार लग्नाकार्यांत मशीन घेऊन फिरे. मागच्या हंगामात मी त्याच्या हाताखाली काम केले होते, म्हणून सभेआधी, बाजार बंद असलेल्या दिवशी, त्याने मशीन मला तालमीसाठी पथारीवर नेऊ दिले. मोटारीच्या बॅटरीवर चालणारी लोखंडी पेटी, आत काचेचे व्हॉल्व्ह. ते तांबूस होईपर्यंत वाट पाहावी लागे. मशीनच्या मागे पितळी स्क्रूंची रांग आणि प्रत्येकाखाली आकडा. कर्ण्याची तार मोठ्या आकड्याला, लाकडी पेटीतल्या स्पीकरची लहान आकड्याला. उलट जोडले तर कर्णा पुटपुटतो आणि पेटी घोगरी होऊन व्हॉल्व्ह भलतेच तापतात. दोन्ही एकदम लावले की मशीनवर ओझे वाढते. तेव्हा दोघांनाही एकेक पायरी खाली आणावे लागे. हे सगळे मी चुकत चुकत जुळवले.

पण आकडे जुळणे निराळे आणि तिचा आवाज जुळणे निराळे. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे सूर जाड ठेवला की तिचे बोलणे चिखलात रुतल्यासारखे होई. जाड सूर काढून टाकला, आवाज निम्म्यावर ठेवला, मायक्रोफोन तोंडापासून चार बोटे लांब धरला, तेव्हा तिची अक्षरे सुटी झाली. पेटी जवळच्यांसाठी बरी, गोड. पण लांब फेकायला कर्णाच हवा, आणि कर्ण्याला जाड सूर सोसत नाही. त्याचा पातळ पडदा फाटतो.

काय बोलू, असे तिने मला विचारले. काहीही बोल, म्हणालो. तेवढ्यात पलीकडच्या कडेला, गाडीखाली, तिचे पोर रडू लागले. ती मायक्रोफोनमध्ये हळूच म्हणाली, "रडू नको रे. मी अठेच शे."

पोर गप्प झाले. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "दादा, सभाना दिन बी इतलाच लांब जाई ना? त्या बायासलगून पोचाडशी ना?"

बायांपर्यंत पोचवतो, म्हणालो, आणि प्रत्येक बटणाच्या जागी खडूची खूण केली.

सभा दिवस कलता भरली. मांडवात सतरंज्या, त्यावर तापीकाठचे मोठे शेतकरी, अडते, वकील, मास्तर. मजूर बाया मांडवाबाहेर, गाड्यांच्याही पलीकडे, धुळीत. त्यांना तिथे बसा असे कोणी सांगितले नव्हते. सांगावे लागत नाही. कर्णा मी बांबूवर त्यांच्याकडे तोंड करून बांधला होता आणि पेटी मांडवात ठेवली होती.

ज्याची जागा त्याचे पहिले भाषण, हा आमच्याकडचा रिवाज. शेठजी उठले. आयुष्यभर त्यांनी मिरचीच्या लिलावात बोली पुकारली होती. बोलायचे म्हणजे पुकारायचे, एवढेच त्यांना ठाऊक. त्यांनी मायक्रोफोन मुठीत धरून ओठांना लावला आणि लिलाव सुरू केला. स्वराज्याचा. दोन वाक्यांनंतर थांबून त्यांनी दुकानदाराकडे पाहिले.

"हाऊ आवाज बायकासारखा बारीक येई ऱ्हायना. जरा वजन येऊ दे भो."

मी दुकानदाराचा हात धरला. जाड सूर चढवला तर कर्णा जाईल, म्हणालो. तो खालच्या आवाजात म्हणाला, "त्यासनी पोरनं लगीन शे पुढला महिनामा. तू हात सोड." आणि त्याने दोन्ही बटणे माझ्या खुणांच्या पार पलीकडे नेली.

शेठजींचा आवाज भारदस्त झाला. टाळ्या पडल्या. थोड्याच वेळात बांबूवरचा कर्णा फाटक्या सुपासारखा फडफडला आणि मुका झाला. मांडवात ते कोणाला कळलेही नाही, कारण पेटी चालू होती. भाषण पुरे झाले.

मग तिचे नाव पुकारले. मी बटणे खुणांवर परत आणली, पेटीची तार योग्य आकड्याला लावली आणि म्हटले, पेटी उचलून बाहेर बायांकडे नेऊ या. आमच्या वाचनालयाचे चिटणीस माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच पत्रकांवर वाढलेले. ते म्हणाले, समोर पाहुणे बसले आहेत, आता हालवाहालव बरी दिसत नाही. मी पेटीला हात घातला तेव्हा दोघांनी मला धरून मागे बसवले.

ती बोलली. मायक्रोफोन चार बोटे लांब धरून, मी सांगितले होते तसे. ओटा उघडेपर्यंत उद्यापासून कोणी टोपली उचलू नका, असे ती आपल्या बायांना सांगत होती, आणि ते ऐकत होते अडते. तिच्या आवाजाला पेटी इतकी छान जुळली होती की एक वकील मान डोलावत होते. गाड्यांपलीकडे बायांना फक्त तिचा हलणारा हात दिसत होता.

मांडवाच्या कडेला बसलेल्या मुकादमांनी मात्र शब्द न् शब्द ऐकला. तिचे बोलणे संपायच्या आतच ते उठले आणि आपापल्या टोळ्या घेऊन निघाले. मी धावत गेलो. एका म्हातारीने मला विचारले, "काय बोलनी रे ती?" मी सांगू लागलो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, मग मुकादमाच्या, आणि चालू लागली.

सकाळी पथारीवर सगळ्या आल्या. टोपली न उचलता उभी राहिली ती एकटीच. मुकादमाने तिला नुसते बोटाने रस्ता दाखवला. तिने गाडीखालची झोळी सोडली, पोर कमरेवर घेतले. जाताना मला म्हणाली, "तुन्ही मशीन त्यासनीच व्हती, दादा." त्यात राग नव्हता, म्हणूनच ते माझ्यातून अजून जात नाही.

शेठजींनी आठवडाभर ज्याला त्याला सांगितले की बाई छान बोलली. आमच्या चिटणिसांनी वृत्तांतात लिहिले, श्रमिकांचा आवाज सभेत घुमला. तो कागद मी फडताळातसुद्धा अंथरणार नाही.

पुढच्या महिन्यात शेठजींकडचे लग्न झाले. नवा कर्णा आला. जुना फाटल्यावर दुकानदार शहाणा झाला होता, आणि त्याने बटणे नेमकी माझ्या खडूच्या खुणांवर ठेवली. सनई पथारीच्या पार टोकापर्यंत स्वच्छ ऐकू येत होती. बाया मिरची उलथवत होत्या. वऱ्हाडाचे जोडे ठेवायला ओटा उघडला होता.