उचला, मी रेल्वेने येते

चेन्नईला मुलीकडे निघाले की ओळखीचे लोक मला विमानाबद्दल सांगतात. शहाद्यात आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. वर्षभर मी लोकांना फवारणीचे सल्ले देते आणि वर्षातून एकदा त्यांच्याकडून प्रवासाचे सल्ले ऐकते. सुरतेहून विमान धरायचं, रात्रीचं जेवण लेकीच्या घरी. तुम्हाला आता काय कमी आहे, काकू?

कमी काही नाही. पण नंदुरबारहून चेन्नईला थेट गाडी आहे. खालच्या बर्थवर चादर टाकली की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी उठ म्हणत नाही. सुरतेचं विमानतळ गाठायलाच अर्धा दिवस रस्त्यावर आदळत जायचं, तिथे पिशवीतलं तिखट आणि भाकरीचं कळण्याचं पीठ कोणीतरी हुंगून बघणार, मग पुन्हा बसून राहायचं. जावई म्हणतो, आई रेल्वेच्या प्रेमात आहेत. प्रेम वगैरे काही नाही. त्या डब्यातलं संडास मी पाहिलेलं आहे.

दुकानात सांगायला एवढी कारणं पुरतात. बाकीचं सांगायचं तर आधी आबांचं मरण सांगावं लागेल आणि मग आईचं.

माझं माहेर म्हसावद. आबा, माझे वडील, गेले ते भर वैशाखात, पहाटे. शहादा जवळ, त्यामुळे मी उजाडता उजाडता पोहोचले. भाऊ एकच, माझ्याहून धाकटा. तो तेव्हा बंगळुरात नोकरीला होता. अग्नी त्यानेच द्यायचा. त्याचा फोन आला, मिळेल ते विमान घेऊन सुरतेला उतरतो, थांबा. भावकीत शब्द मोठ्या काकांचा. ते म्हणाले, थांबू.

पूर्वी असं थांबत नसत. आजोबा गेले तेव्हा आत्या इंदूरला होती. तिला तार केली ती कळवण्यासाठी, बोलावण्यासाठी नाही. ती आली तोवर राखही गार झाली होती. उंबऱ्यावर बसून रडली, पाणी प्याली, कामाला लागली. दूरचं माणूस पोहोचणार नाही, हे सगळ्यांनी धरलेलंच असायचं. आता कोणीही कुठूनही दिवस मावळायच्या आत येऊ शकतं, म्हणून मेलेल्या माणसाला त्याची वाट पाहावी लागते.

शहाद्याची शवपेटी, ती विजेवर चालणारी, त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेलेली होती. बर्फाच्या लाद्या आणल्या. रिक्षातून उतरवतानाच त्या अर्ध्या झाल्या होत्या. आबांच्या दोन्ही बाजूंना लावल्या, वर भुसा, वर गोणपाट. पाणी अंगणातून गटारीकडे वाहू लागलं आणि त्या पाण्यामागे मुंग्या आल्या. उदबत्त्या लावल्या. दुपारनंतर उदबत्त्यांचा उपयोग राहिला नाही. बायका पदर नाकाला लावून बसल्या आणि पुरुष हळूहळू रस्त्यापलीकडच्या निंबाखाली सरकले. भावाचं विमान उशिरा सुटणार होतं. तो विमानतळावरून व्हिडिओ कॉल करायचा. त्याच्यामागे काचेची भिंत, थंडगार उजेड, कॉफी पिणारी माणसं. इकडून मी मोबाइल आबांच्या पायांकडे धरायचे. चेहरा दाखवण्यासारखा राहिला नव्हता.

आमच्याकडे प्रेत उचलेपर्यंत गल्लीत चूल पेटत नाही. आता चुलीच्या जागी गॅस आला, पण नेम तोच. लेकरांना दाराआड बिस्किटं दिली. समोरची म्हातारी, साखरेची पेशंट, आईची जुनी सोबतीण, तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. ऊन उतरता उतरता ती बसल्या जागी आडवी झाली. तिला दवाखान्यात न्यायला चार माणसं उठली तेव्हा आई प्रथमच आबांवरून नजर काढून इकडेतिकडे बघायला लागली.

भाऊ पोहोचला तेव्हा सूर्य टेकला होता. त्याला धड खालीही बसू दिलं नाही. तोंडाला हात लावू नको, कापूस काढू नको, एवढंच काकांनी सांगितलं आणि लगेच उचललं. ज्याच्यासाठी दिवसभर थांबलो, त्याने आबांना पाहिलं ते खांदा देताना, कपड्यात बांधलेलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर आई मला म्हणाली, "मन्ही येळले आसं नका करज्यात. मी मरनू का उचली ल्या. कोन्हीच वाट देखानी नही. तुन्ही बी नही." माझ्या वेळी कोणाची वाट पाहायची नाही, तुझीसुद्धा नाही. मी बरं म्हटलं. ती डाळ निवडत होती. पुन्हा हा विषय तिने काढला नाही.

पुढे वर्षभरात भाऊ नोकरी सोडून म्हसावदला आला. केळी लावली, आईजवळ राहिला. लोकांनी चांगलं म्हटलं. तो त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही, पण घरात बर्फ ठेवू देत नाही. उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलं की माठाचं पाणी.

आई गेली तेव्हा मी चेन्नईला होते. मुलीचं बाळंतपण उरकलं होतं, नातू महिन्याचा झाला होता. सकाळी मी त्याला तेल लावत असताना भावाचा फोन आला.

"ताई, माय गई."

झोपेतच गेली होती. मी विचारलं, त्याने सांगितलं. मग तो घाईघाईने बोलू लागला. शवपेटी मिळाली होती. स्वतः जाऊन घेऊन आला होता, जनरेटरचीही सोय केली होती. काकांशी बोलणं झालं होतं. "तू इमानमा बस. आम्ही थांबतस."

मुलगी शेजारी उभी होती. तिने तोवर मोबाइलवर तिकीट काढायला घेतलंही होतं. विमान दुपारचं होतं. रात्र पडायच्या सुमाराला मी म्हसावदला पोहोचले असते.

मी भावाला आईचं बोलणं सांगितलं. तो म्हणाला, मला ठाऊक आहे, मलाही सांगितलं होतं, पण तेव्हा पेटी नव्हती. मी म्हटलं, ती पेटीबद्दल बोलली नव्हती. मग जे बोलला ते त्याने इतकी वर्षं धरून ठेवलेलं असावं.

"मन्हाकरता दिनभर थांबनात. तुन्हाकरता काबरं नही?"

लेकीसाठी प्रेत थांबवल्याचं मी आमच्या गावात तरी ऐकलेलं नाही. तो ते करायला निघाला होता, काकांसमोर उभं राहून. मला आईला बघायचं होतं, हेही खरं. पण गल्लीत त्या घडीला कोणाकडेच चहा झालेला नसणार, हे मला चेन्नईत बसून दिसत होतं. विमानाने येते म्हटलं असतं तर ती सगळी माणसं माझ्या नावाने उपाशी बसली असती आणि आई मधोमध झाकलेली. नुसतं थांबू नका म्हटलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. म्हणून दुसरं सांगितलं.

"मी रेल्वेमा येई ऱ्हायनू. तुम्ही उचला."

रेल्वे म्हणजे दुसरा दिवस. त्याच्याशी वाद घालता येत नाही. त्याने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "आई, तिकीट मिळतंय," ती म्हणाली. मी म्हटलं, मिळत असेल. ती म्हणाली, मग लोकांना काय सांगशील? मी तेलाचे हात धुतले आणि पिशवी भरली. ती स्टेशनपर्यंत आली, पण माझ्याशी बोलली नाही. शेवटच्या घडीला उरलेल्या जागांमधली एक जागा मिळाली, वरची बर्थ, गुडघे असे दुखत असताना.

गाडी सुटली आणि थोड्या वेळाने भाच्याने, भावाच्या मुलाने, आईला उचलतानाचा व्हिडिओ पाठवला. मी तो उघडला नाही. खाली विजयवाड्याला जाणारं एक कुटुंब होतं. त्यांनी खुणेने भात पुढे केला, मी खुणेनेच नको म्हटलं. बाकी सांगण्यासारखं काही नाही. माणसं चढली, उतरली, चहा आला, वर्धा गेलं, भुसावळ गेलं. दीड वीत अंतरावर छत आणि त्यावर कोणीतरी खिळ्याने कोरलेलं नाव. मी रडले नाही. एवढ्या वरून उतरून तोंड धुवायला जायचं म्हणजे चार माणसांना उठवायचं.

नंदुरबारला भाऊ घ्यायला आला होता. डोकं भादरलेलं. गाडीत तो केळीच्या भावाबद्दल बोलला.

घरी जिथे आईला ठेवलं होतं तिथे दिवा, त्याच्याखाली पसरलेलं पीठ आणि वर टोपली. गल्लीत पोरं खेळत होती, कोणाच्या तरी घरी फोडणीचा वास होता. आदल्या दिवशी प्रेत सकाळीच हललं होतं, दुपारी घरोघर स्वयंपाक झाला होता. समोरच्या म्हातारीने वेळेवर जेवून गोळी घेतली होती. हे तिनेच मला सांगितलं, पण नजर दुसरीकडे ठेवून. माझ्याजवळ बसायला आलेल्या बाकीच्या बायकाही अशाच दुसरीकडे बघत होत्या. मोठी काकू म्हणाली, पोरीला पैशाची काय ददात होती?

भावाने ताट आणून ठेवलं. भावकीने पाठवलेली भाकरी, बाजूला निंबाचा पाला. पहिला घास कडू घ्यायचा असतो. तो माझ्यासमोर बसला आणि मी पाला तोंडात टाकल्यावर बोलला.

"मायना डोया उघडाच व्हतात. मी दोनदाव झाकात, परत उघडनात. बाया म्हनेत, पोरनी वाट देखी ऱ्हायनी."

आईचे डोळे मिटत नव्हते, आणि ती लेकीची वाट पाहतेय असं सगळ्या बायकांनी म्हटलं होतं. त्याने तसंच उचललं होतं, माझ्या शब्दावर.

मी पाला चावून गिळला. मग म्हटलं, जीव गेल्या गेल्या पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा असतो. उशीर झाला की त्या ताठ होतात, मग राहत नाहीत. तू पेटी आणायला पळालास, मागे कोणी ठेवला नसेल.

"आसं व्हई," तो म्हणाला. असं असेल. त्याचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. माझं म्हणणं बरोबर आहे. मी दवाखान्यात विचारूनही आले आहे. भाच्याचा व्हिडिओ अजून मोबाइलमध्ये आहे.

यंदा चेन्नईला गेले तेव्हा मुलीला माझ्या वेळचं सांगितलं. कोणाची वाट पाहायची नाही, तू रेल्वेने ये. ती नातवाला भरवत होती. वर न बघता म्हणाली, "मी विमानानेच येणार. आणि मामाला थांबायला सांगणार."

आईच्या वेळचं मी पाळलं. माझ्या वेळी मी सांगायला असणार नाही. परत आल्यावर भावाला फक्त ओल्या कापसाचं सांगून ठेवलं. तो लगेच हो म्हणाला.