फेअर केलेला कागद

दम्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि माझे हात थरथरायला लागले. कप बशीत ठेवताना असा खडखडायचा की शेजारीण डोकावून बघायची. ते एक वेळ चाललं असतं. पण मी शाळेत बाई होते, आणि निवृत्त झाल्यावरही आमच्या बुद्धविहाराचा फळा दर रविवारी मीच लिहायची. आता खडू धरला की अक्षरं नाचायची. शेवटी मी फळ्याकडे जाणंच सोडलं.

मागच्या खेपेला हे डॉक्टरांना सांगायचं राहूनच गेलं. नवेगाव बांधहून बस धरून गोंदियाला जायचं, अर्धा दिवस बाकावर काढायचा, आणि नंबर लागला की डॉक्टर विचारणार, "कैसे हो, मैडम?" माझ्या तोंडून निघणार, "ठीक है." बाहेर आल्यावर स्वतःचाच संताप यायचा. म्हणून या वेळी सगळं कागदावर उतरवलं. हात थरथरतात. छाती धडधडते. कारण नसताना रडू येतं. गोळी कमी करता येईल का? अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलं, पण लिहिलं.

आमचे हे तहसील कचेरीत बाबू होते. अर्ज स्वच्छ नसेल तर परत करायचा, ही जन्माची सवय. निघायच्या आधी कागद बघून म्हणाले, "असा कागद डाक्टरले देतात का? मी फेअर करून देतो."

बसची घाई होती. तो फेअर कागद मी दवाखान्याच्या बाकावरच पहिल्यांदा वाचला. वर लिहिलेलं, 'विषय : औषधाबाबत.' खाली, 'हातास किंचित कंप जाणवतो.' किंचित! आणि रडण्याचं तर नावच नाही.

"रडू कुठं गेलं?" मी शेजारी बसलेल्या ह्यांना विचारलं.

"ते कायले सांगाचं?"

"अन् माझा कागद?"

"घरी आहे. काऊन चिडून राहिली? नीट लिवलं ना."

तेवढ्यात आमचा नंबर आला. डॉक्टरांनी कागदावरून नजर फिरवली आणि हसले. "राइटिंग तो मोती जैसी है, मैडम. हाथ कहाँ काँप रहा है?" आणि जुन्याच गोळ्या लिहायला घेतल्या. मोत्यांचं कौतुक ऐकून हे तर चक्क खूश!

माझं डोकं फिरलं. टेबलावरचं पेन न विचारता उचललं, कागद ओढला आणि त्या सुबक ओळींखाली लिहिलं, 'वरचं अक्षर माझं नाही. माझं हे आहे.' रागानं हात आणखीच थरथरत होता. शेवटचा शब्द कागदाबाहेर टेबलावर गेला.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. कधीपासून होतं, आणखी काय होतं, सगळं विचारलं. मी रडण्याचंही सांगितलं. गोळी बदलली.

परतीच्या बसमध्ये कोहमाऱ्याचा थांबा मागे पडला. मग खिडकीबाहेर बघत हे म्हणाले, "तुझं अक्षर असं झालं, ते कोणाले दिसू नये वाटलं मले."

मला गलबलून आलं. पण राग काही गेला नाही. मी चोरी थोडीच केली होती लपवायला?

"येत्या रविवारी फळा मीच लिहीन," मी म्हटलं. "अन् तो फेअर कराले येऊ नका."