खड्डा, उडी आणि दुर्गे सरांचा अंगठा

नोकरी जुनी झाली की माणूस थकते, पण किस्से काही थकत नाहीत. एक इसरावा तर दोन नवे. आमच्या शाळेतले हे काही एका बारक्या गेमचे.

आमच्या दुर्गे सरच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधरला, हात सुधरला, अंगठा काही हलेना. सर पहिलीले शिकवायचे. पोराईचा हात धरून ‘अ’ गिरवून द्यायचा तर अंगठा पाह्यजे. म्हणून हेडमास्तरनं त्याइले पाचवी देली, तोंडी शिकवायले. सर पाचवीकडं निघायचे, पण पहिलीच्या दारासमोर त्याइचा पाय अडकायचा. आमाले ते पाहवत नव्हतं.

डॉक्टरनं दाबायले रबरी बॉल देला होता, त्याचा सरले वीट आला. तवा बासरच्या कॉलेजात शिकणाऱ्या त्याइच्या पोरीनं हातात मावणारा स्वस्तातला गेम धाडला. त्यात एमुलेटर होता, म्हणजे आपल्या लहानपणीचे टीव्हीवरचे गेम त्यात चालते. एक माणूस पळते, खड्डा आला की उडी मारते. उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली. “बाबा, रोज डब्यानंतर खेळा,” पोरगी म्हणाली. मंग रोज डब्यानंतर सरचा अंगठा दबेना, माणूस उडीबिगर खड्ड्यात, अन् आमी सारे तो खड्डा पाहून राह्यलो.

•

एमुलेटरमधे कुठंही सेव्ह करता येते. मेलं की तिथूनच पुन्हा सुरू. आमच्यासंग शिकवणाऱ्या सुनीता मॅडमनं सरच्या मदतीले म्हणून सेव्ह केलं, पण नेमकं माणूस खड्ड्यात पडता पडता. मंग कवाही उघडा, तो पडूनच राह्यला. दोन दिवस आमी त्याले पडताना पाह्यलं.

शेवटी सर म्हणाले, “मॅडम, पयल्यापासून सुरू करा. त्याले जरा जमिनीवर उभं राहू द्या.”

•

एकदा शिक्षण खात्याच्या मंडळ ऑफिसचे साहेब तपासणीले आले. टेबलावरचा गेम उचलून तेलुगूत म्हणाले, “इदी एंटी?” म्हणजे हे काय?

“टीएलएम, सर,” मी म्हणालो. शिकवायच्या साहित्याले आमच्या खात्यात टीएलएम म्हणते. दगड ठेवला अन् टीएलएम म्हटलं तरी पुढं कोणी इचारत नाही.

साहेब गेम चालू करून खुर्चीत बसले. त्या दिवशी त्याइले आणखी शाळा तपासायच्या होत्या. तपासली ती आमचीच, अन् तीही अर्धी.

•

मंग सुनीता मॅडमले सेटिंग सापडलं. उडी डाव्या बटणावर घेता येते! सरनं डाव्या हातानं पयल्या झटक्यात खड्डा पार केला. आमी टाळ्या वाजवल्या.

सरनं गेम खाली ठेवला. “मॅडम, ते उजवीकडंच करून द्या.”

“काऊन सर? पार तर झाला ना?”

“मले खड्डा कुठं पार करायचा हाये? मले पहिली पाह्यजे.”

मॅडमनं बटण बदलून देलं.

•

परवाची गोष्ट. खरं सांगतो, त्या खड्ड्याचा आता साऱ्याइले कंटाळा आला होता. सर कोपऱ्यात खेळून राह्यले होते, आमी पेपर तपासून राह्यलो होतो. माणूस मेल्याचा तो ओळखीचा आवाज आला.

मॅडमनं मान वर न करताच इचारलं, “पडला का सर?”

“पडला.”

आवाज वेगळा वाटला म्हणून मी वळलो. सर आपल्या उजव्या अंगठ्याकडं पाहून राह्यले होते, डोळे भरलेले.

“पण मॅडम,” ते म्हणाले, “उडी मारून पडला.”