मातीच्या भिंतीचं प्रमाण मी ठरवलं नव्हतं

मित्रांनो, आज सकाळी स्वतःच्याच घरात मान खाली घालायची वेळ आली.

केडगावचं आमचं मातीचं घर पाहायला आर्किटेक्चरचे विद्यार्थी आले होते. शहाण्णव साली बांधलेलं, उन्हाळ्यात पंख्याशिवाय गार राहणारं घर. नेहमीसारखं मी सांगितलं, "माती, भुसा आणि शेणाचं प्रमाण मीच प्रयोग करून ठरवलं."

त्यांच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, माझी आई राजूरहून या घराच्या बांधकामाला आली होती. सखूबाई. ती म्हणते, पहिली भिंत तडकली होती."

खरं होतं. माझ्या अंदाजानं केलेली भिंत आठवड्यात तडकली, तेव्हा सखूबाईंनीच ती पाडायला लावली. "सायेब, माती आठ दिस भिजू द्या, मंग भुसा घाला," म्हणत स्वतः चिखल तुडवून दाखवला. भुसा आणि शेण किती घालायचं तेही त्यांनीच सांगितलं; प्रमाण त्यांचं होतं. इतकी वर्षं मी त्यांना 'मजूर' एवढंच म्हणत आलो.

विद्यार्थ्यांसमोर मी हे सगळं कबूल केलं. मॅडमनी आईला फोन लावून दिला. मी माफी मागितली, तर सखूबाईंनी विचारलं, "भिंत नीट हाय ना?"

हो म्हणायलासुद्धा लाज वाटली.

तुमचं घर खरं कुणी उभं केलं, त्यांचं नाव तुम्ही घेता का?